टॉवेल कारखान्याची लेखा धोरणे नव्याने लिहिताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा हिशेब विभाग मी सांभाळते. २०२२-२३ या आर्थिक वर्षाची वित्तीय विवरणपत्रे तयार करताना त्यांतील ‘महत्त्वाची लेखा धोरणे’ ही टीप पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. लहान कंपन्यांमध्ये या टिपेकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. ताळेबंदातील आणि नफा-तोटा पत्रकातील आकडे मालक वाचतात, बँकेचा अधिकारी वाचतो, आयकराचे काम पाहणारा वाचतो. धोरणांची पाने मात्र मागच्या वर्षीच्या फाइलमधून तशीच उचलली जातात आणि वर्ष तेवढे बदलून पुढे लावली जातात. या कामातून गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, संपूर्ण विवरणपत्रांत सर्वांत आधी आणि सर्वांत काळजीपूर्वक लिहायला हवा तो हाच भाग, कारण ताळेबंदातील जवळजवळ प्रत्येक मोठा आकडा या टिपेतल्या कुठल्या ना कुठल्या वाक्यावर उभा असतो.

निमित्त घडले ते लेखापरीक्षक बदलल्याचे. आधीच्या लेखापरीक्षकांनी वयोमानानुसार काम थांबवले आणि नव्या सीए मॅडमनी कामाला सुरुवात करताना जुनी टीप समोर घेऊन एकेक परिच्छेद वाचला व प्रत्येक परिच्छेदाला कंपनीतला पुरावा मागितला. त्या टिपेत रोखप्रवाह पत्रक कसे तयार केले आहे याचा परिच्छेद होता, पण विवरणपत्रांत रोखप्रवाह पत्रकच नव्हते. संशोधन व विकासाच्या खर्चाबद्दल अर्धे पान होते. आमच्याकडे संशोधन विभाग कधीच नव्हता. ग्रॅच्युइटीची तरतूद विमागणितज्ञाच्या (ॲक्च्युअरीच्या) मूल्यांकनानुसार केली जाते असे लिहिले होते आणि प्रत्यक्षात कामगार निवृत्त होऊन पैसे दिले की त्या दिवशी खर्च पडत होता. मालसाठा ‘पहिला आत, पहिला बाहेर’ या पद्धतीने मोजला जातो असे एक ठाम वाक्य होते, ज्याचा आमच्या गोदामाशी आणि आमच्या स्टॉकच्या शीटशी काहीही संबंध नव्हता.

मॅडमनी हे सारे दोन्ही संचालकांसमोर मांडले तेव्हा त्यांनी कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३४ दाखवले. संचालक मंडळाच्या अहवालात संचालक स्वतः असे लिहून देतात की लेखा धोरणे त्यांनी निवडली आहेत, ती सातत्याने लागू केली आहेत, आणि घेतलेले निर्णय व केलेले अंदाज वाजवी आणि सावध आहेत. थोरले संचालक, ज्यांना कारखान्यात सगळे अण्णा म्हणतात, ते वाक्य दोनदा वाचून म्हणाले, “म्हणजे सही माझी, आणि लिहिलंय काय ते मला ठाऊक नाही. हे बरोबर नाही.” तिथून हे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले.

पहिला प्रश्न होता तो आम्हाला नेमके कोणते नियम लागू होतात हा. इंड-एएस, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठीची वेगळी लेखा मानके, आम्हाला लागू नाहीत, कारण शेअर बाजारात नोंदलेल्या नसलेल्या कंपनीसाठी त्यांची मर्यादा २५० कोटी रुपयांच्या निव्वळ मत्तेची आहे. आम्हाला लागू होतात ती कंपनी (लेखा मानके) नियम, २०२१ मधील मानके, आणि त्या नियमांनुसार आमची कंपनी ‘लघु व मध्यम आकाराची कंपनी’ ठरते. त्यासाठी उलाढाल २५० कोटींपेक्षा आणि कर्जे ५० कोटींपेक्षा जास्त नसावी लागतात, कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसावी लागते, आणि ती बँक, वित्तीय संस्था किंवा विमा कंपनी नसावी लागते. कायद्यातील ‘लहान कंपनी’ ही व्याख्या मात्र वेगळी आहे, आणि या दोहोंची गल्लत फार ठिकाणी होते. १५ सप्टेंबर २०२२ पासून ती मर्यादा भरणा झालेल्या भांडवलासाठी ४ कोटी आणि उलाढालीसाठी ४० कोटी करण्यात आली, आणि आम्ही त्यातही बसलो. पहिल्या व्याख्येमुळे काही मानकांतील सवलती मिळतात. दुसरीमुळे रोखप्रवाह पत्रक द्यावे लागत नाही. कंपनी कोणत्या वर्गात मोडते आणि त्या वर्गाला लागू असलेली मानके तिने पाळली आहेत, हे टिपेत स्पष्ट लिहावे लागते. जुन्या टिपेत नेमके हेच वाक्य नव्हते.

लेखा मानक १ ची बैठक साधी आहे. कंपनी पुढेही चालू राहणार आहे, धोरणांत सातत्य आहे, आणि उत्पन्न व खर्च पैसे हातात आल्या-गेल्यावर नव्हे तर ते उपजतील तेव्हा नोंदले जातात, ही तीन गृहीतके पाळली असतील तर वेगळे सांगावे लागत नाही; पाळली नसतील तर सांगावेच लागते. धोरण निवडताना सावधपणा, कागदावरील रूपापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप, आणि बाबीचे महत्त्व या तीन गोष्टी पाहायच्या असतात. याच मानकातील आणखी एक नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: हिशेबातील वागणूकच चुकीची असेल तर ती टिपेत जाहीर केल्याने बरोबर होत नाही. पुढे मालसाठ्याच्या वेळी या नियमाचा प्रत्यक्ष अर्थ आम्हाला कळला.

टॉवेलच्या कारखान्यात सगळा हिशेब शेवटी सुतावर येऊन थांबतो. आमच्याकडे वर्षअखेरीचा साठा एका शीटवर मोजला जात असे: सुताचा प्रत्येक काउंट (जाडीचा क्रमांक), शिल्लक किलो, आणि त्यापुढे शेवटच्या खरेदीचा दर. ही पद्धत सोपी असल्याने वर्षानुवर्षे चालू होती. पण लेखा मानक २ नुसार साठा प्रत्यक्ष खर्च किंवा निव्वळ वसुलीयोग्य मूल्य (विक्रीतून निव्वळ हाती येणारी रक्कम) यांपैकी जे कमी असेल त्या किमतीला दाखवायचा असतो, आणि खर्च काढायचा तो ‘पहिला आत, पहिला बाहेर’ (आधी आलेला माल आधी वापरला असे धरून) किंवा भारित सरासरी (एकूण खर्च भागिले एकूण किलो) या पद्धतीने. शेवटच्या खरेदीचा दर या दोन्हींत बसत नाही. दर स्थिर असतात तेव्हा हा फरक कोणाच्या नजरेत येत नाही, पण २०२१-२२ मध्ये कापूस सारखा चढत गेला, मे २०२२ मध्ये ३५६ किलोच्या खंडीचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला, आणि वर्ष संपेपर्यंत बराच खाली आला. चढत्या बाजारात शेवटच्या दराने मोजलेला साठा प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त दिसतो आणि न झालेला नफा ताळेबंदात शिरतो. ३१ मार्च २०२२ चा आमचा साठा असाच फुगलेला होता.

मग धोरण कोणते घ्यायचे? टिपेत ‘पहिला आत, पहिला बाहेर’ लिहिलेलेच होते, तेव्हा तेच पाळावे, असे धाकट्या संचालकांचे म्हणणे होते. मी गोदामात जाऊन सूत प्रत्यक्षात कसे निघते ते पाहिले. गोदाम सांभाळणारे मामा म्हणाले, “मॅडम, तारीख बघून पोतं निघत नाही. लॉट बघून निघतं.” एकाच काउंटचे सूत वेगवेगळ्या गिरण्यांतून आणि वेगवेगळ्या लॉटमध्ये येते, दोन लॉट एका रंगात मिसळले तर टॉवेलवर छटेचा पट्टा उठतो आणि अख्खा माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जात, जातो. त्यामुळे ऑर्डरला जेवढे किलो एका लॉटमधून पुरतील तो लॉट आधी निघतो, मग तो महिन्यापूर्वीचा असो की काल आलेला. एका पोत्यावर तर मामांनी खडूने लॉट नंबर, गिरणीच्या नावाचे आद्याक्षर आणि ‘फिकट’ एवढे लिहून ठेवले होते. खरेदीची तारीख कुठेच नव्हती. कायद्याने खर्चाची पद्धत आणि मालाची प्रत्यक्ष हालचाल तंतोतंत जुळावीच लागते असे नाही, पण मानक सांगते की निवडलेली पद्धत खर्चाच्या सर्वांत न्याय्य अंदाजाजवळ जाणारी हवी. जिथे तारखेला काही अर्थच नाही तिथे प्रत्येक काउंटसाठी भारित सरासरी हीच पद्धत खरी ठरते, आणि आम्ही ती घेतली. रंगीत सुतासाठी प्रत्येक रंगाच्या लॉटमागचा रंगाईचा जॉबवर्क खर्च त्यात मिळवला.

यापुढचा भाग अधिक नाजूक होता. आम्ही साठ्याची पद्धत बदलली असे लिहून मोकळे व्हावे, असे एक मत पुढे आले. सीए मॅडमनी ते मान्य केले नाही. लेखा मानक ५ मध्ये धोरणातील बदल, अंदाजातील बदल आणि पूर्वकालीन बाबी या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. एका ग्राह्य पद्धतीकडून दुसऱ्या ग्राह्य पद्धतीकडे जाणे हा धोरणातील बदल. यंत्राच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज नव्याने बांधणे हा अंदाजातील बदल. आणि मागच्या वर्षी मुळातच अग्राह्य पद्धतीने आकडा काढला असेल तर तो दुरुस्त करणे ही पूर्वकालीन बाब. शेवटचा दर ही ग्राह्य पद्धत कधीच नव्हती. म्हणून ३१ मार्च २०२२ चा साठा खरेदीच्या बिलांवरून प्रत्यक्ष खर्चाने पुन्हा मोजला, निघालेला फरक चालू वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात पूर्वकालीन बाब म्हणून वेगळ्या ओळीत दाखवला, आणि भारित सरासरी पद्धत स्वीकारल्याचे तिच्या कारणासह स्वतंत्रपणे जाहीर केले. विवरणपत्र वाचणाऱ्याला या वर्षीच्या धंद्याचा नफा किती आणि मागचे निस्तरण्यात किती गेले, हे यामुळे स्वच्छ दिसते. माझ्या मते या टिपेत आम्ही केलेले सर्वांत प्रामाणिक काम तेच आहे.

तयार मालाच्या खर्चात काय धरायचे, हा दुसरा मोठा प्रश्न होता. जुन्या शीटमध्ये टॉवेलच्या प्रतिकिलो खर्चात बँकेचे व्याज, कार्यालयाचा खर्च आणि तयार मालाच्या गोदामाचे भाडेही धरलेले होते. यांपैकी काहीच साठ्यात येत नाही. सुताच्या किमतीखेरीज वार्पिंग (ताणा भरणे), विणकाम, कटिंग आणि हेमिंगची मजुरी, मागांना लागणारी वीज, जॉबर (माग लावून देणारा कारागीर) व सुपरवायझरचा पगार, मागांचा घसारा एवढेच येते. त्यातही स्थिर खर्च वाटायचा तो सामान्य क्षमतेवर. हे अण्णांना समजावताना मी सोपे आकडे घेतले होते, तेच इथे देते. समजा, कारखान्याची सामान्य क्षमता महिन्याला १०,००० किलो आहे आणि स्थिर खर्च ५ लाख रुपये आहे, म्हणजे किलोमागे ५० रुपये. एखाद्या मंद महिन्यात फक्त ६,००० किलो माल निघाला तर किलोमागे ८३ रुपये धरून साठा महाग करायचा नाही. ५० रुपयेच धरायचे आणि उरलेले २ लाख रुपये त्या महिन्याच्या खर्चात थेट टाकायचे. माग बंद राहिल्याने टॉवेल मौल्यवान होत नाही. सामान्य क्षमता किती, हे ठरवण्यासाठी आम्ही मागील काही वर्षांचे उत्पादन घेतले आणि गड्डा यात्रा, दिवाळी व विजेच्या देखभालीमुळे जाणारे दिवस त्यातून वजा केले, कारण सोलापुरातल्या कुठल्याही कारखान्यात ते दिवस जाणारच असतात.

वेस्टेजबद्दलही एक रेष आखावी लागली. वार्पिंगमध्ये, बीमच्या (ताण्याचे सूत गुंडाळलेल्या रुळाच्या) टोकाला आणि कटिंगमध्ये जाणारे नेहमीचे सूत चांगल्या टॉवेलच्या खर्चातच जाते. पण बॉयलर बंद पडून रंगाईतला अख्खा लॉट बिघडला तर ती असामान्य नासाडी असते आणि ती खर्चात थेट जाते. चिंध्या विकून येणारे पैसे किरकोळ असल्याने ते मुख्य मालाच्या खर्चातून वजा केले.

मागांवर अर्धवट असलेला माल मोजणे हे वर्षअखेरीचे सर्वांत कष्टाचे काम असते. ३१ मार्चच्या रात्री पाळी संपल्यावर माग थांबवले, आणि जॉबर प्रत्येक मागावरच्या दोन बीमजवळ जाऊन किती सूत उरले आहे ते सांगत गेले. टेरीच्या मागाला मूळ कापडाच्या ताण्याचा एक आणि पाईलचा (टॉवेलवरच्या फासांच्या सुताचा) एक असे दोन बीम असतात. पाईलचा बीम खूप लवकर संपतो, त्यामुळे दोन्हींचा अंदाज वेगवेगळा घ्यावा लागतो. जॉबर बीमच्या चकतीपासून सुतापर्यंतचे अंतर बोटांनी मापत, मनात हिशेब करत आणि मीटर सांगत. ते मीटर मी चकतीवर खडूने लिहून घेत होते, आणि सीए मॅडमच्या सहायकाने त्यातले काही बीम उतरवून वजन करून पाहिले. अंदाज आणि वजन जवळपास जुळले. त्या अनुभवावरून टिपेत आम्ही प्रक्रियेतील मालाचे मोजमाप ‘तांत्रिक अंदाजावर’ आधारलेले असल्याचे लिहिले, आणि तो अंदाज कोण करतो व तपासतो कोण हे कामकाजाच्या फाइलमध्ये नोंदवले. रंगाईवाल्याकडे असलेले आमचे सूतही आमच्याच साठ्यात येते, म्हणून त्याच्याकडून ३१ मार्चच्या शिलकीचे पत्र घेतले.

वसुलीयोग्य मूल्याचा मुद्दा अण्णांना पटायला वेळ लागला. गोदामाच्या मागच्या बाजूला जुन्या जॅकार्ड डिझाइनच्या आणि आता कोणी न मागणाऱ्या रंगांच्या टॉवेलचे गठ्ठे होते. “माल आहे, कधी ना कधी जाईल,” हे त्यांचे म्हणणे. तो जाईल हे खरेच होते, पण कोणत्या भावाने, हा प्रश्न होता. एप्रिल आणि मे मध्ये त्यातले जे गठ्ठे वजनावर गेले त्यांचा दर हाताशी होता, आणि ताळेबंदाच्या तारखेची स्थिती दाखवणारा तो सर्वांत चांगला पुरावा होता. एका डिझाइनवरचा तोटा दुसऱ्या डिझाइनवरच्या न झालेल्या नफ्यातून भरून काढता येत नाही, म्हणून प्रत्येक गटाची तुलना वेगळी केली. सुताच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागली. ३१ मार्च २०२३ रोजी बाजारभाव आमच्या खर्चापेक्षा कमी होता, पण ज्या सुतापासून होणारे टॉवेल खर्चाइतक्या किंवा त्याहून अधिक किमतीला विकले जाणार आहेत, ते सूत कमी करायचे नसते. पक्क्या ऑर्डरसाठी राखलेले सूत म्हणून खर्चालाच ठेवले, आणि बाजारात विकायच्या मालासाठीचे तेवढे नव्या भावाला उतरवले.

बँकेकडे दर महिन्याला जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही तोच शेवटचा दर असे. २०२१ मधील दुरुस्तीनंतर कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ नुसार, चालू मालमत्ता तारण ठेवून कर्ज घेतले असेल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणे आणि हिशेबाची पुस्तके जुळतात का, हे टिपेत सांगावे लागते आणि फरक असेल तर कारण द्यावे लागते. आम्ही तो फरक तिमाहीवार मांडला. ड्रॉइंग पॉवर (साठ्याच्या आधारे बँकेतून उचलता येणारी रक्कम) कमी होईल, ही संचालकांची भीती खरी होती आणि ती रक्कम थोडी कमी झालीही. पण बँकेच्या अधिकाऱ्यांना फरकाचा तक्ता आणि नवे धोरण एकत्र मिळाल्याने त्यांच्याकडून नंतर उलटसुलट पत्रे आली नाहीत.

ग्रॅच्युइटीचा परिच्छेद मला सर्वांत जिव्हाळ्याचा होता. पैसे देताना खर्च टाकण्याची पद्धत उपार्जनाच्या (खर्च उपजेल तेव्हा नोंदण्याच्या) गृहीतकातच बसत नाही, कारण देणे कामगाराच्या प्रत्येक वर्षाच्या कामाबरोबर वाढत असते. लेखा मानक १५ मध्ये लघु व मध्यम कंपनीला, तिच्याकडे सरासरी ५० पेक्षा कमी माणसे असतील तर, विमागणिताऐवजी दुसरी एखादी तर्कशुद्ध पद्धत वापरण्याची मुभा आहे. उदाहरणार्थ, वर्षअखेरीस सर्वांनाच ग्रॅच्युइटी द्यावी लागली तर किती होईल, असा हिशेब. आमची संख्या ५० च्या आत असल्याने आम्ही हीच पद्धत घेतली. पगारदारांसाठी शेवटच्या पगाराचे १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षे हा हिशेब सरळ आहे. विणकर मात्र कामाच्या नगावर कमावतात, आणि त्यांच्यासाठी तेव्हा लागू असलेला ग्रॅच्युइटी कायदा, १९७२ मागील तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी घ्यायला सांगत होता. त्यासाठी मजुरीची रजिस्टरे काढली. जुन्या माणसांच्या कामाला लागल्याच्या तारखा हजेरीपटात एक आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत दुसरी अशा निघाल्या. तिथे ज्येष्ठ विणकरांना बोलावून, त्यांच्याकडची जुनी ओळखपत्रे पाहून, आणि शंका उरली तिथे आधीची तारीख धरून यादी पक्की केली.

एकूण आकडा पाहून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “हे आपण देणारच आहोत, आजवर कोणाचं बुडवलं नाही. मग आजच का लिहायचं?” मी एवढेच सांगितले की ही रक्कम आज ताळेबंदात नाही म्हणून आपली स्वतःची भांडवली शिल्लक आहे त्याहून जास्त दिसते, आणि त्या दिसण्यावर आपण नवे माग घ्यायचे ठरवतो आहोत. त्यांनी ते मान्य केले. मागील वर्षांचा भाग पूर्वकालीन बाब म्हणून आणि चालू वर्षाचा भाग कामगार खर्चात गेला. दिवाळीला द्यायचा बोनसही त्याच तर्काने मार्चअखेर तरतुदीत घेतला.

निर्यातीच्या विक्रीबद्दल एकच पण महत्त्वाचा निर्णय होता. विक्री केव्हा झाली? मालाची जोखीम आणि लाभ खरेदीदाराकडे गेल्यावर, असे लेखा मानक ९ सांगते. एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी विकणाऱ्याची) या अटीवर ते माल जहाजावर चढल्यावर घडते. मार्चच्या शेवटी सोलापुरातून निघालेला आणि एप्रिलच्या सुरुवातीला न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढलेला कंटेनर बिलाच्या तारखेने मार्चची विक्री ठरत असे. आम्ही तो बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या) तारखेने एप्रिलमध्ये नेला आणि ३१ मार्चला वाटेतला साठा म्हणून दाखवला. त्यामुळे जीएसटी विवरणातील उलाढाल आणि पुस्तकातील उलाढाल यांत फरक पडतो, आणि त्याचा ताळा दरवर्षी करून ठेवावा लागतो. परकीय चलनातील येणी वर्षअखेरीच्या दराने पुन्हा मोजली. त्या वर्षात डॉलर साधारण ७६ रुपयांवरून ८२ रुपयांवर गेल्याने ही रक्कम लहान नव्हती. टॉवेलच्या निर्यातीवर आरओएससीटीएल (राज्य व केंद्राच्या करांचा परतावा देणाऱ्या) योजनेखाली मिळणाऱ्या ई-स्क्रिप, म्हणजे पैशाऐवजी मिळणारी विकता येणारी इलेक्ट्रॉनिक पत्रे, बाजारात थोड्या कमी भावाने विकल्या जात होत्या, म्हणून तो लाभ निर्यातीच्या वर्षातच, पण अपेक्षित विक्रीच्या किमतीने नोंदवण्याचे धोरण ठेवले. देशांतर्गत व्यापाऱ्यांना नंतर द्यावी लागणारी ‘रेट डिफरन्स’ची क्रेडिट नोट ही आमच्या धंद्याची रीत असल्याने तिचा अंदाज मार्चअखेरच विक्रीतून वजा केला.

घसाऱ्याच्या बाबतीत कंपनी कायद्याच्या अनुसूची २ मधील आयुष्ये घेतली: सर्वसाधारण यंत्रांना १५ वर्षे, कारखान्याच्या इमारतीला ३० वर्षे, संगणकांना ३ वर्षे, आणि मूळ किमतीच्या कमाल ५ टक्के अवशिष्ट मूल्य. आमचे माग दोन पाळ्यांत चालतात, आणि दुसऱ्या पाळीच्या काळासाठी घसारा ५० टक्क्यांनी वाढतो, ही गोष्ट जुन्या हिशेबात सुटलेली होती. सेकंडहँड घेतलेल्या रेपिअर मागांना पूर्ण १५ वर्षे देणे योग्य नव्हते. त्यासाठी बाहेरच्या अभियंत्याकडून उरलेल्या आयुष्याचा लेखी अभिप्राय घेतला. आयकरातील घसाऱ्याचे दर वेगळे असल्याने पडणारा फरक स्थगित करात गेला. भाडेपट्टा, गुंतवणूक आणि संभाव्य देणी यांबद्दल कंपनीत जेवढे होते तेवढेच, दोन-दोन वाक्यांत लिहिले. जे नव्हते ते लिहिले नाही.

टीप पूर्ण झाल्यावर ती संचालक मंडळाच्या बैठकीत परिच्छेदवार वाचली गेली, आणि प्रत्येक परिच्छेदामागचा कागद फाइलमध्ये त्याच क्रमाने लावला. विवरणपत्रांवर दोन्ही संचालकांनी सह्या केल्या, सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा झाली आणि एओसी-४ (कंपनी निबंधकाकडे विवरणपत्रे सादर करण्याचा फॉर्म) वेळेत दाखल झाला. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणारा ऑडिट ट्रेल बंधनकारक झाल्याने, साठ्याचा दर नंतर कोणी बदलला तर तेही आता दिसते.

पुढच्या विवरणपत्रांसाठी एक परिच्छेद आम्हाला नव्याने लिहावा लागणार आहे. नवे माग घेताना राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणाखाली भांडवली अनुदानासाठी अर्ज करायचे ठरले आहे, आणि लेखा मानक १२ नुसार अटी पूर्ण होतील व रक्कम मिळेल याची वाजवी खात्री होईपर्यंत ते अनुदान नोंदवता येत नाही. अर्ज केला म्हणजे येणे झाले, असे कोणी धरू नये, म्हणून मंजुरीपत्र हाती आल्यावरच ती रक्कम मागांच्या किमतीतून वजा करायची, हे वाक्य मी मसुद्यात आधीच लिहून ठेवले आहे आणि अण्णांनी ते वाचून खाली सही केली आहे.